पीव्हीडीएफ-टायटॅनिया होलो फायबर: धागा निघतोय पण रंग जात नाहीये, जाणकारांनी प्रकाश टाकावा

पंचगंगाकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय आणि तोही शब्दशः धाग्यावरच, सांभाळून घ्या.

एमटेकचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट आहे रंगाच्या सांडपाण्यासाठी फोटोकॅटॅलिटिक होलो फायबर मेंब्रेन. म्हणजे शेवयांसारखे पण आतून पोकळ धागे, भिंतीत टायटॅनियम डायऑक्साइड (पुढे नुसतं टायटॅनिया म्हणतो), बाहेरून यूव्ही पडला की कॅटॅलिस्ट जागा होणार, पाणी भिंतीतून गाळून आत शिरणार आणि जाता जाता रंगाच्या रेणूचे तुकडे पडणार. मूळचा इचलकरंजीचा आहे, ओढ्याला आज लाल उद्या निळं पाणी बघतच मोठा झालो, त्यामुळे विषय मीच हट्टाने घेतला आणि आता गाईड म्हणतात तूच मागितलास तूच निस्तर.

रेसिपी अशी: पीव्हीडीएफ (धाग्याचं मुख्य प्लास्टिक) १८ टक्के, पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) ३, पी२५ (बाजारात मिळणारी पावडर) टायटॅनिया ३, बाकी एनएमपी (हे सगळं विरघळवणारं द्रावक). सगळं एकत्र टाकून ६० अंशाला रात्रभर ढवळतो. दोन नळ्यांचा साधा स्पिनरेट (धागा जिथून बाहेर पडतो ती तोटी), आतून पाणी, १० सेंमी एअर गॅप, खाली नळाच्या पाण्याचा टब. ३० धागे, प्रत्येकी २५ सेंमी, टोकं एपॉक्सीत बसवून (पॉट करून) काचेच्या नळीत, शेजारी ३६५ नॅनोमीटरच्या दोन ब्लॅकलाईट ट्यूब.

आता रडगाणं. धागा दर पाच-सात मिनिटांनी तुटतो. मेथिलीन ब्लू १० पीपीएम अर्धा लिटर घेतलं तर ३ तासांत ७० टक्के रंग गेला, गाईड खूश, मीही खूश, पोस्टर पण करून टाकलं. मग गावातल्या एका प्रोसेस हाऊसचं खरं पाणी कॅनमधून आणलं, सहा तास चालवलं, ढिम्म. उलट टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) थोडा वाढलेला आला आणि पांढरेशुभ्र धागे तपकिरी झाले, बहुतेक रंग चढला असावा. टायटॅनिया वाढवून ६ टक्के करून बघितला तर डोपचं (ज्यातून धागा काढतो त्या घट्ट द्रावणाचं) श्रीखंड झालं, पंपच ओढेना.

टायटॅनिया अजून वाढवू का? की दिवा मोठा घेऊ? आणि शेवटी हे उन्हात ठेवून प्रोसेस हाऊसला बसवता येईल ना, ऊन तर फुकट आहे? सबमिशनला चार महिने आहेत.

निवांत_नाना

वाखुसा (वाचनखूण साठवली). विषयातलं शून्य कळतं पण वाचायला मजा आली. एक बाळबोध शंका, पावडर पाण्यातच टाकायची आणि उजेडात ढवळायचं, धाग्यात कोंबायची उठाठेव कशाला?

सूत_कताई

पाच वर्षं हेच केलंय, हाताला अजून एनएमपीचा वास येतो असं नवरा म्हणतो, त्यामुळे हक्काने लिहिते.

आधी तुटण्याचं. तू "सगळं एकत्र टाकून" ढवळतोस ना, तिथेच माती खाल्लीस. पी२५ चा मूळ कण साधारण २१ नॅनोमीटरचा असतो पण बाटलीत तो एकटा कधीच नसतो, गठ्ठ्यात असतो, आणि घट्ट पॉलिमरमध्ये गठ्ठा फुटत नाही. आधी टायटॅनिया ओव्हनमध्ये वाळव, नुसत्या एनएमपीत टाकून चांगला सोनिकेट कर (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोड), त्यात पीव्हीडीएफ थोडासाच टाक म्हणजे कणांभोवती पॉलिमरचं अस्तर बसतं आणि ते परत चिकटत नाहीत, मग उरलेला पीव्हीडीएफ थोडा थोडा करत. बेसनाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवतो ना, तोच प्रकार आहे. मग स्टीलच्या बारीक जाळीतून गाळ आणि रात्रभर न ढवळता ठेव, बुडबुडे वर येऊ देत. धागा तुटतो तो गुठळीवर नाहीतर बुडबुड्यावर, तिसरं कारण मी क्वचितच पाहिलंय.

तिसरं म्हणजे पाऊस. हसू नकोस. एनएमपी हवेतलं पाणी ओढतो आणि पीव्हीडीएफला तेवढं पाणी पुरतं, टाकीतच डोप दह्यासारखा धरायला लागतो. आमच्या लॅबमध्ये जुलैत स्पिनिंगच करायचो नाही, पेपर लिहायचो.

आतून नुसतं पाणी सोडतोस म्हणजे आतली बाजूही पटकन गोठून तिथे दाट कातडी बनते. थोडा एनएमपी मिसळलेलं पाणी सोड, आतली बाजू मोकळी राहते, फ्लक्स (भिंतीतून जाणारं पाणी) वाढतो. टबचं पाणी बदलत जा, तासाभरात त्यात इतका एनएमपी उतरतो की शेवटचा धागा पहिल्यासारखा राहत नाही आणि मग दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात टाकून लोक चक्रावतात.

टीओसी वाढला त्यात काही गूढ नाही. धाग्यातला उरलेला एनएमपी आणि पीव्हीपी पाण्यात उतरतोय. किमान तीन दिवस पाण्यात ठेव, पाणी रोज बदल, मग ग्लिसरीनच्या पाण्यात दिवसभर आणि नंतर वाळव, नाहीतर वाळताना भोकं मिटतात. वापरायच्या आधी ते ग्लिसरीन नीट धू, नाहीतर परत टीओसी वाढला म्हणून इथेच येशील.

आणि हातमोजे कसले वापरतोस? निळे नायट्राइलचे असतील तर एनएमपी त्यातून लवकर आरपार जातो. ब्यूटिल रबरचे घे. प्रजननाला घातक म्हणून युरोपात त्याच्यावर निर्बंध आहेत, आपल्याकडे पोरं उघड्या हातांनी बीकर धुतात.

@निवांत_नाना, शंका बाळबोध अजिबात नाहीये, उलट मुद्द्याची आहे. पावडर पाण्यात टाकली तर काम जास्तच चांगलं होतं, अडचण एवढीच की नंतर ती परत काढायची कशी, इतकी बारीक असते की लवकर धड खाली बसत नाही. म्हणून एक पंथ असा की पावडर मोकळी सोडा आणि धागे फक्त ती अडवायला वापरा. कॅनडातल्या प्युरिफिक्स कंपनीचं फोटो-कॅट याच तत्त्वावर आहे, टायटॅनियाची स्लरी आणि ती परत पकडायला सिरॅमिक मेंब्रेन. दुसरा पंथ या पोराचा, कॅटॅलिस्ट धाग्यातच.

ट्यूलिपवाडीकर

शीर्षकात "जाणकारांनी प्रकाश टाकावा" लिहिलंयस आणि तुझा सगळा घोळ नेमका तोच आहे रे, तुझ्या धाग्यावर प्रकाशच पडत नाहीये. (मी नेदरलँड्समध्ये याच्याच आसपास काम करतो, इथे तर ऊनही मोजूनमापून मिळतं.)

सूतताईंनी धागा सुधारून दिला पण टायटॅनिया भिंतीत मिसळला की बहुतेक कण पॉलिमरमध्ये पुरले जातात. त्यांना ना उजेड दिसतो ना पाणी. यूव्ही अशा पांढऱ्या भिंतीत काही मायक्रॉनमध्ये संपतो आणि तुझी भिंत असेल दीडशे-दोनशे मायक्रॉन. म्हणजे ३ टक्क्यांचे ६ टक्के केलेस तरी पुरलेल्यांची संख्या वाढते, कामावर येणारे तेवढेच. त्यात ३० धाग्यांची जुडी, मधल्यांवर बाहेरच्यांची सावली, आणि प्रत्येकाची पाठ अंधारात.

आता तुझं ते ७० टक्के. अंधारात चालवून बघितलंस का? खरंच सांग. मेथिलीन ब्लू धन भाराचा रंग आहे, दिसेल त्याला चिकटतो. आधी तासभर अंधारात ठेवून पातळी स्थिर होऊ द्यायची, तिथून शून्य मिनिट धरायचं, शिवाय धागे न घालता नुसत्या दिव्याखाली एक रन. आणि हवा सोडत राहा, कारण ऑक्सिजन कमी पडला तर हाच रंग तुटल्याशिवाय बिनरंगी रूपात जातो आणि हवा लागली की परत निळा, लोकांनी त्यावर पण पोस्टरं केलेली आहेत. प्रोसेस हाऊसचे रिॲक्टिव्ह (सुती कापडाला लावतात ते) रंग असतात ऋण भाराचे. टायटॅनियाचा पृष्ठभाग साधारण ६ ते ६.५ पीएचच्या वर स्वतःच ऋण होतो. तुझ्या कॅनमधलं पाणी १० च्या वर असणार, म्हणजे रंग आणि कॅटॅलिस्ट एकमेकांना ढकलतायत. त्यामुळे मेथिलीन ब्लूवर पास झालेला धागा तिथे पास होईल ही आशाच सोड. वर पाणी इतकं गडद की समजा ३६५ ला त्याचा ॲब्सॉर्बन्स (उजेड शोषण्याचं माप) सेंटिमीटरला १ असेल तर पहिल्या एका सेंमीतच ९० टक्के उजेड खलास, धाग्यापर्यंत पोचतंय काय?

उन्हाचं. हे मी सगळ्यांना एकदा कागदावर करायला लावतो, कंटाळा करू नकोस. टायटॅनियाच्या ॲनाटेज रूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच उजेड चालतो, आणि उन्हात यूव्ही असतो ४-५ टक्के. चौरस मीटरला कामाचे ३० वॉट धर. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनमध्ये ३२८ किलोज्यूल असतात, म्हणजे तासाला आले ०.३३ मोल फोटॉन. धाग्याला चिकटलेल्या कॅटॅलिस्टमध्ये शंभरातला एक फोटॉन जरी सत्कारणी लागला तरी मी पेढे वाटीन, म्हणजे एका फोटॉनमागे एक या हिशोबाने ३.३ मिलिमोल इलेक्ट्रॉन. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ८ ग्रॅम सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन). गुणाकार कर: एका चौरस मीटरला, एका तासाच्या कडक उन्हात, २६ मिलिग्रॅम सीओडी.

आता हजार लिटरची एक टाकी घे, सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम. म्हणजे २५० ग्रॅम. एक चौरस मीटर पडदा (म्हणजे मेंब्रेन), रोज सहा तास कडक ऊन, पावसाळा नाहीच असं समजून, चार वर्षांहून जास्त. ऊन फुकट आहे रे, पडद्याची जागा फुकट नाही.

हिशोब उलटा लावला की मात्र चित्र बदलतं. त्याच हजार लिटरमध्ये सीओडी जवळजवळ नाही, फक्त लिटरला १० मायक्रोग्रॅम डायक्लोफेनॅक (वेदनाशामक औषध) आहे असं धर. एकूण १० मिलिग्रॅम. त्याचा पार कार्बन डायऑक्साइड करायला २ मिलिमोल इलेक्ट्रॉन पुरतात, कागदावर तासाभराच्या आतलं काम. पाण्यात बाकीचं काहीबाही असतं ते फोटॉन खातं म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागेल, पण निदान अशक्य तरी नाही. फोटोकॅटॅलिटिक धाग्याची जागा ती आहे, सगळी ट्रीटमेंट झाल्यावर शेवटचा हात फिरवायला. अजून एक म्हणजे मेंब्रेनवर बसलेला थर तो स्वतःच खातो, बॅकवॉश कमी लागतो. तुझ्या जागी मी असतो तर व्हायवात हेच पुढे केलं असतं.

अवांतर: डायक्लोफेनॅक म्हणजे तेच, ज्याने आपली गिधाडं संपवली, जनावरांसाठी २००६ साली बंदी आली. आणि औषधाचं पाणी म्हटलं की कुणीतरी पाटणचेरू काढतंच, हैदराबादजवळच्या तिथल्या प्रक्रिया केंद्राच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ साली छापून आलं होतं. ते मायक्रोग्रॅमचं प्रकरण नव्हे, तिथे हे धागे नेलेस तर वरचाच हिशोब तुला परत गाठेल.

हिराकस_चुना

भावा, मी इचलकरंजीतच ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) बघतो, १४ वर्षं झाली. कॅन आमच्याकडनंच नेला असशील तर नवल नाही, दर वर्षी एक तरी पोरगं येतंय.

तू कुठलं पाणी नेलास ते आधी सांग. डाईबाथचं पहिलं ड्रेन नेलास काय वॉशिंगचं? पहिल्या ड्रेनला लिटरला ५०-६० ग्रॅम मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट असतंय, त्यात सोडा ॲश, पीएच साडेदहा-अकरा, आणि बसला नाही तेवढा सगळा रंग. ते पाणी बघून आमचा बायोचा (जिवाणूंचा) टँक पण दोन दिवस रुसतो, तुझ्या शेवया काय करणार. आणि मर्सराईजचं (कापडाला कॉस्टिकात चमक आणतात त्याचं) पाणी मिसळलेलं असेल तर कॉस्टिक, मग विचारूच नको.

आम्ही काय करतो सांगतो, एकदम गावठी. हिराकस (फेरस सल्फेट) टाकायचा, चुना टाकायचा, रंग खाली बसतोय. गाळ ढीगभर होतोय ही डोकेदुखी, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च बघून शेठ रोज मलाच बोलतोय. मग बायो, मग आऊटलेट. सीओडी २५० च्या आत, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३० च्या आत पाहिजे. रंग अगदीच हटला नाही तर त्याच हिराकसात हायड्रोजन पेरॉक्साइड, पीएच ३ ला आणून, तुम्ही त्याला फेंटन म्हणता, तिथे बी तोच तुमचा रंग तोडणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल का काय तो तयार होतोय, उन्हाची वाट बघायला नको. खर्च आहे, पण तासात होतंय.

ट्यूलिपवाडीकर साहेबांचा चार वर्षांचा हिशोब शेठला दाखवला. म्हणाले बरं झालं, मागच्या साली एक जण असलंच सोलरचं काय तरी विकायला आला होता.

सूत_कताई

@हिराकस_चुना दादा, मर्सराईजचं बोललात आणि माझी ट्यूब पेटली. @पंचगंगाकाठचा, ते धागे तपकिरी झाले तो रंग चढला नाहीये रे. पीव्हीडीएफला कॉस्टिक सोसत नाही, अल्कलीत त्याच्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघून जातो, साखळीत दुहेरी बंध तयार होतात आणि धागा पिवळा-तपकिरी आणि ठिसूळ होत जातो. एक धागा बोटावर गुंडाळून बघ, कड्‌कन मोडला तर हेच. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवूनही तपकिरीपणा गेला नाही तरी हेच.

आता तू म्हणशील मग पीईएस (दुसरं मेंब्रेनचं प्लास्टिक) घेतो, ते अल्कलीत छान टिकतं. टिकतं, पण यूव्ही आणि रॅडिकलपुढे पीव्हीडीएफच सरस, पीईएस स्वतःच यूव्ही पितं आणि तुटतं. म्हणजे ज्याला ऊन चालतं त्याला कॉस्टिक चालत नाही आणि ज्याला कॉस्टिक चालतं त्याला ऊन. दोन्ही पाहिजे असेल तर सिरॅमिक, ॲल्युमिनाचा धागा. तोही असाच स्पिन करतात, फक्त डोपमध्ये पॉलिमरपेक्षा ॲल्युमिनाची पावडर कितीतरी जास्त, मग भट्टीत पॉलिमर जाळून टाकायचा आणि १२०० च्या वर भाजायचा. टायटॅनिया त्या डोपमध्ये घालू नकोस, एवढ्या उष्णतेत ॲनाटेजचं रुटाइल (टायटॅनियाचं दुसरं रूप) होतं आणि कामाची धार जाते. आधी नुसता ॲल्युमिनाचा धागा भाज, मग टायटॅनियाच्या सोलमध्ये (अतिसूक्ष्म कणांच्या द्रवात) बुडवून परत ४५० ते ५०० ला. पण चार महिन्यांत भट्टीच्या नादाला लागू नकोस, पहिल्या पन्नास धाग्यांतले पंचेचाळीस वाकडे निघतात, हे मी रडून सांगतेय.

तुझ्यासाठी मधला रस्ता: आहे तो पीव्हीडीएफ धागा, टायटॅनिया डोपमधून काढून टाक, आणि बाहेरून थर चढव. तीन नळ्यांचा स्पिनरेट मिळाला तर दुहेरी थर एकाच वेळी निघतो, आतला साधा, बाहेरचा पातळ आणि टायटॅनियाने भरलेला. लॅबमध्ये नसेल तर करवून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, तिन्ही नळ्या एका केंद्रात बसवताना मशीनिंगवाले हात टेकतात. डिप कोटिंग कर, म्हणजे धागा नुसता बुडवून थर चढव. काही जण मधे पॉलिडोपामिनचा गोंद लावतात, पेपरात सुंदर दिसतं, पण तो गोंदही सेंद्रियच आहे, तुझे रॅडिकल आधी त्यालाच खाणार. म्हणून काहीही लावलंस तरी दहा वेळा वापरून दाखव आणि गळून पाण्यात आलेला टायटॅनिया मोज. एका वापराचा आकडा मी परीक्षक असते तर वाचलाही नसता.

पंचगंगाकाठचा

सगळ्यांना साष्टांग नमस्कार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण लॅबमध्ये होतो (आणि एक दिवस नुसता तोंड पाडून बसलो होतो).

अंधारातला रन केला. ३ तासांत ५५ टक्के. म्हणजे माझ्या ७० पैकी उजेडाचे जेमतेम १५, बाकीचा रंग नुसता धाग्याला चिकटला होता. पोस्टर भिंतीवरून काढून आणलं.

ताई, धागा बोटावर गुंडाळला. कड्‌कन. दोन दिवस पाण्यात ठेवलेलाही तपकिरीच आहे.

डोप तुमच्या पद्धतीने केला, बेसन कालवल्यासारखा, परवा सलग चाळीस मिनिटं धागा निघाला, एकदाही तुटला नाही, मी व्हिडिओ काढून आईला पाठवला, ती म्हणाली शेवया छान झाल्यात. आणि हो, हातमोजे निळेच होते. ब्यूटिलचे मागवलेत.

ट्यूलिपवाडीकर, तुमचा हिशोब गाईडना दाखवला. पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले हे पहिल्या प्रकरणात घाल, स्वतः करून घाल. विषयाचं नावही थोडं बदलतोय, "रंगाच्या सांडपाण्यासाठी" काढून "प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या अंतिम शुद्धीकरणासाठी". बाहेरून डिप कोटिंग, दहा वापर, प्रत्येकासोबत अंधारातला रन. एकच विचारायचं राहिलं, उजेडातच चालवायचं तर नायट्रोजन मिसळलेला टायटॅनिया किंवा युरिया भाजून करतात ते कार्बन नायट्राइड घेऊ का? म्हणजे उन्हातला दिसणारा उजेडही वापरता येईल.

आणि हिराकस दादा, मी पहिल्या ड्रेनचंच पाणी आणलं होतं. बायोनंतरचं, आऊटलेटचं पाणी मिळेल का?

ट्यूलिपवाडीकर

चार महिन्यांत नको. कार्बन नायट्राइडचा बँड गॅप (जागं व्हायला लागणारी ऊर्जा) २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, ४६० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड घेतं, युरिया ५५० अंशाला भाजला की होतं, सगळं खरं. पण मग तुला कॅटॅलिस्टही सिद्ध करावा लागेल आणि धागाही, आणि एक बिघडलं की दोष कुणाचा ते कळणार नाही. पी२५ वर राहा, त्याचे आकडे जगाला पाठ आहेत. आणि दिसणाऱ्या उजेडात गेलास तर मेथिलीन ब्लू सोडून दे, तो स्वतःच उजेड पिऊन टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देतो आणि आपण समजतो कॅटॅलिस्ट कामाला लागला. फिनॉल घे, बिनरंगी आहे, रंगासारखी लुडबुड करत नाही. मापायला एचपीएलसी (पाण्यातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) लागेल, नंबर आत्ताच लावून ठेव.

एक राहिलं. आऊटलेटचं पाणी घेशील त्यातही मीठ आणि कार्बोनेट असणारच, दोन्ही रॅडिकल खातात. आधी डिस्टिल्ड पाण्यात, मग डिस्टिल्डमध्ये तेवढंच मीठ घालून, मग खरं पाणी, अशा क्रमाने जा. मधली पायरी गाळलीस तर घसरण कशामुळे झाली ते सांगता येणार नाही.

हिराकस_चुना

आऊटलेटचं देतो की, त्यात काय. सकाळी अकराच्या आत ये, नंतर शेठ असतोय. कॅन तुझा तू आण, आमचे सगळे रंगलेत.